मडगार्डची फट: गिट्टी, काळी माती आणि पुढच्या चाकाचा इतिहास

ज्यांना बसमध्ये, ऑफिसात किंवा झोपलेल्या बाळाशेजारी कानात हेडफोन घालून बसता येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कमी केलेत.

आजचा विषय आहे मोटरसायकलचं मडगार्ड. तेही फक्त पुढचं. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सीसी विचारतो, हप्ता विचारतो. मडगार्डबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही. पण पुढच्या चाकाने उचललेला खडा इंजिनवर बसणार, रेडिएटरवर बसणार की तुमच्या नडगीवर, हे तोच एक तुकडा ठरवतो. आणि पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर चाक फिरत राहणार की जागच्या जागी जाम होणार, हेही तोच ठरवतो.

अडचण अशी की या दोन कामांचं आपसात जमत नाही. खडा अडवायचा तर मडगार्ड टायरच्या जवळ हवं. चिखलातून सुटायचं तर ते टायरपासून लांब हवं. मग मधली फट ठेवायची किती? आजचा अख्खा भाग या एका फटीबद्दल आहे.

दोन रस्त्यांचं गाव

तळेगाव म्हटलं की पुण्याच्या माणसाला दाभाडे आठवतं, अमरावतीच्या माणसाला दशासर. आपण बोलतोय ते वर्धा जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत). नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. इथून एक रस्ता आर्वीकडे जातो, एक आष्टीकडे. महामार्गाला लोक अजून 'एनएच सिक्स' म्हणतात, जरी २०१० च्या नव्या क्रमवारीत त्याचा नंबर ५३ झाला. हाच महामार्ग पुढे अमरावती ओलांडून अकोल्याकडे जातो. तिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली.

आता त्याच महामार्गावरून खाली उतरा आणि पांदणीला लागा. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन, कुठे संत्र्याची बाग. जुलैमध्ये दोन चांगले पाऊस झाले की या वाटेवर गाडी घालणं म्हणजे काय असतं, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. चाकाला गारा चिकटतो. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा फेरा, थरावर थर चढतो, मडगार्डच्या आतली फट भरून येते आणि पुढचं चाक फिरणंच बंद होतं. मग गाडी उभी करायची, बांधावरची एखादी तुराटी किंवा पऱ्हाटी घ्यायची आणि खुपसून खुपसून माती काढायची. पन्नास पावलं गेलं की पुन्हा तेच.

शाळेत शिकलेला भूगोल इथे कामाला येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याला आपण बेसॉल्ट म्हणतो. खाणीत फोडला की त्याची गिट्टी होते, आणि लाखो वर्षं ऊन-पावसात झिजला की त्याची काळी माती होते. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते, सुकली की भेगा पडतात. म्हणजे महामार्गाच्या कडेला उडणारा खडा आणि पांदणीत चाक धरणारा गारा, दोन्ही एकाच दगडाची लेकरं. एकीला मडगार्ड जवळ हवं, दुसरीला लांब. आणि इथल्या माणसाची गाडी एकच असते. सकाळी दूध घेऊन महामार्गावर, दुपारी खताचं पोतं घेऊन वावरात.

बंडीला मडगार्ड का नव्हतं?

आपल्याकडे शेकडो वर्षं बैलबंडी याच मातीत चालली. तिच्या चाकाला कधी मडगार्ड लागलं नाही. कारण सरळ आहे. चाकाला चिकटलेली वस्तू बाहेर भिरकावणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. बंडी ताशी ४ किलोमीटरने चालते असं धरा आणि मोटरसायकल ६० ने. वेग पंधरापट, पण जोर सव्वादोनशेपट. त्यात मोटरसायकलचं चाक बंडीच्या चाकापेक्षा लहान, म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. बंडीच्या चाकावरची माती जागेवर गळून पडते. मोटरसायकलच्या चाकावरचा खडा गोळीसारखा सुटतो.

म्हणजे मडगार्डची गरज वेगामुळे निर्माण झाली. आणि मडगार्ड लावलं म्हणून चिखल अडकायला जागा तयार झाली. एका बगवर काढलेल्या पॅचने दुसरा बग आणावा, तसं.

वर्धेचं नाव आणि इटलीचं पेटंट

इथे गोष्ट वर्धा जिल्ह्याशी आणखी एका बाजूने जोडली जाते. जमनालाल बजाज वर्धेचे. सेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आलेले, गांधीजींना वर्ध्यात आणणाऱ्यांपैकी मुख्य. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते गेले. त्यांच्या घराण्याने नोव्हेंबर १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढलं, आणि १९४८ पासून बाहेरून आणलेल्या दुचाकी-तिचाकी विकायला सुरुवात केली. १९५९ मध्ये त्या इथेच बनवायचा सरकारी परवाना मिळाला. पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. जमनालालजींचे मुलगे कमलनयन बजाज त्या काळात वर्धा मतदारसंघाचे खासदारही होते, १९५७ पासून सलग तीन वेळा.

आकुर्डीत पियाजिओच्या परवान्याने बनू लागली ती वेस्पा. आणि वेस्पाचा जन्मच मुळी अंगावर घाण उडू नये म्हणून झालेला. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमानं आणि हेलिकॉप्टरवर काम केलेले इंजिनिअर. त्यांना मोटरसायकल आवडत नसे. कपडे खराब होतात, साखळीचं तेल लागतं, बसायला पाय टाकावा लागतो. २३ एप्रिल १९४६ रोजी पियाजिओने वेस्पाचं पेटंट मागितलं, त्या अर्जाच्या लांबलचक शीर्षकातच मडगार्ड आहे: सांगाडा, मडगार्ड आणि सगळी यंत्रणा झाकणारं आवरण यांचा एकत्र मेळ. दुसरीकडे मडगार्ड हा नंतर लावायचा जोड असायचा. इथे ते गाडीच्या व्याख्येतच आलं.

परवान्याचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. एका पिढीचं लग्न, बदली, बारसं या स्कूटरवर झालं. पायापुढे पत्र्याची ढाल, पुढचं चाक गोल टोपणात. शहरी डांबरी रस्त्यावर याहून चांगली सोय नाही. पण १० इंची चाक आणि त्याला सगळीकडून लपेटलेला पत्रा, हे काळ्या रानात घाला. गारा आत गेला की बाहेर यायला वाटच नाही. पेटंटमधली हुशारी पांदणीत अडचण होते. रचना चुकली असं मी म्हणणार नाही. ती वेगळ्या रस्त्यासाठी होती, एवढंच.

लोखंड, मग प्लास्टिक

स्कूटर शहरात रमली तेव्हा गावात मोटरसायकल आली. मद्रासची बुलेट १९५५ पासून, म्हैसूरची जावा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून. तिघींचं पुढचं मडगार्ड लोखंडी, रुंद आणि बाजूने खाली उतरलेलं. जड होतं, गंजायचं. पण वाकलं तर हातोडीने सरळ व्हायचं, तुटलं तर गावातला वेल्डर जोडून द्यायचा.

जुन्या बुलेटच्या फोटोत पुढच्या मडगार्डवर पात्यासारखी उभी नंबर प्लेट दिसते, गाडीच्या लांबीच्या रेषेत. ही ब्रिटिश सवय. ब्रिटनने मोटरसायकलला पुढची प्लेट लावायची सक्तीच १९७५ मध्ये काढून टाकली. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वा नियम सांगतो की पुढचा नंबर हँडलला समांतर हवा, मडगार्डवर लावला तरी चालेल, पण गाडीच्या लांबीच्या रेषेत नको.

दरम्यान जपानमध्ये १९५८ साली होंडाची सुपर कब आली. तेव्हा तिथलेही बहुतेक रस्ते कच्चे होते. गाडी अशी हवी होती की सोबा नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने चालवता यावी. तिच्यात पुढचं मडगार्ड आणि पायापुढची ढाल पॉलिथिनची होती. हलकी, न गंजणारी. आणि गुळगुळीत प्लास्टिकला चिखल तितका घट्ट धरत नाही, जितका गंजलेल्या पत्र्याला धरतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर भारतात जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या. हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००, आणि त्याच वर्षी बजाजची एम-८०. पेट्रोल वाचवायचं म्हणून प्रत्येक किलो वजन मोजलं जाऊ लागलं. राजदूतच्या मानाने मडगार्ड अरुंद आणि आखूड झालं. २०१२ मध्ये पल्सर २०० एनएस आणि केटीएम ड्यूक २०० आल्या तेव्हा अजून एक नाजूक वस्तू पुढच्या चाकामागे येऊन बसली: रेडिएटर. पातळ ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आणि त्यात फिरणारं पाणी. एअर-कूल्ड इंजिनच्या पंख्यांवर खडा आदळला तर फार तर रंग उडतो. रेडिएटरला भोक पडलं तर पाणी जातं, इंजिन तापतं, आणि कामाचा दिवस बुडतो तो वेगळाच.

मडगार्ड वर उचलणारे

चिखलाचा प्रश्न रेसवाल्यांनी आधी सोडवला. मोटोक्रॉसच्या गाड्यांनी पुढचं मडगार्ड टायरजवळून काढलं आणि वर हेडलाइटखाली नेऊन बसवलं. मधे वीतभर मोकळी जागा. चिखल येतो आणि जातो, अडकत नाही. लोखंड तिथे वारंवार तुटायचं, म्हणून अमेरिकेत प्रेस्टन पेटी नावाच्या रेसरने लवचीक, न तुटणारी प्लास्टिक मडगार्डं विकायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात ती घरोघरी नाही, पण ट्रॅकोट्रॅकी पोचली.

पण वर उचललेलं मडगार्ड डांबरी रस्त्यावर खडा अडवत नाही. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला एक सोडून दोन पुढची मडगार्डं होती. वर चोचीसारखं एक, खाली टायरजवळ एक. मला ही गाडी या सगळ्या इतिहासाचा सारांश वाटते. कंपनीनेच मान्य केलं की एका फटीत दोन्ही कामं बसत नाहीत, कामं वाटून द्यावी लागतात.

घड्याळाचा हिशोब

आता थोडं गणित. घाबरू नका, भिंतीवरचं घड्याळ डोळ्यासमोर आणा, पुरेसं आहे.

समजा तुमची गाडी डावीकडे चाललीय आणि तुम्ही पुढच्या चाकाकडे बाजूने बघताय. रस्त्याला टेकलेली जागा म्हणजे सहा वाजले. चाकाची मागची बाजू, आसाच्या उंचीला, म्हणजे तीन वाजले. टायर सहाच्या जागी खडा उचलतो आणि पाच, चार, तीन असा वर घेऊन जातो. ज्या क्षणी तो सुटतो, त्या क्षणी चाकाला स्पर्शरेषेत उडतो. गाडीच्या दृष्टीने त्याचा वेग गाडीच्या वेगाइतकाच. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर.

तीनच्या जागी सुटला तर सरळ वर जाईल. चारच्या जागी सुटला तर ६० अंशांनी वर आणि मागे: इंजिनचा वरचा भाग, टाकीची खालची बाजू. साडेचारला सुटला तर ४५ अंश. पाचला सुटला तर ३० अंश, म्हणजे इंजिनच्या तळाकडे, सायलेन्सरच्या नळीकडे.

मडगार्डचं टोक जिथे संपतं, तिथून खालचा सगळा भाग उघडा. टोक चारला संपत असेल तर खडा जास्तीत जास्त ६० अंशांनी उडू शकतो. तेच टोक साडेचारपर्यंत खाली आणलं की ४५ च्या वरचा सगळा मारा बंद. फेंडर एक्स्टेंडर नावाने बाजारात मिळणारा तुकडा एवढंच करतो. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर चारची जागा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर येते, साडेचारची साधारण ९. त्याहून खाली गेलं तर प्रत्येक स्पीडब्रेकर आणि दगड टोकाला लागणार. म्हणून खालचा भाग कडक प्लास्टिकचा नको, रबराचा हवा. लागलं की वाकेल, पुन्हा सरळ होईल.

गावठी पॅच, पण नीट

म्हणजे इथल्या गाडीसाठी उत्तर असं निघतं: कडक भाग वर आणि मोकळा, मऊ भाग खाली आणि लांब. पांदणीच्या दिवसांत रबर काढून ठेवायचं, पाऊस संपला की परत लावायचं. गॅरेजवाले जुन्या ट्यूबचा तुकडा लावून देतात, कल्पना तीच. पण चार गोष्टी चुकल्या तर तोच तुकडा जिवावर येतो.

एक, ट्यूबचं रबर फार मऊ. वाऱ्याने आत ओढलं जातं, गाडी मागे घेताना टायरखाली येतं आणि मडगार्डमध्ये खेचलं जातं. पुढचं चाक लॉक झालं की माणूस सरळ जमिनीवर. ट्रकच्या मडफ्लॅपसारखं ३-४ मिलिमीटर जाडीचं, अंगाने ताठ रबर घ्या.

दोन, बोल्टचं गोल डोकं आत, टायरच्या बाजूला, नट बाहेर. आत नट आणि बोल्टची टोकं राहिली की गारा आधी तिथेच पकड घेतो. मोठं वॉशर लावा, नाहीतर प्लास्टिक भोकापासून चिरतं. आधीच चीर गेली असेल तर तिच्या टोकाला बारीक गोल भोक पाडा, ती पुढे जात नाही.

तीन, खालचं मडगार्ड चाकासोबत वरखाली होतं. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर फ्लॅपची जमिनीपासूनची उंची बदलत नाही, पण इंजिन आणि सायलेन्सरची नळी त्याच्या जवळ येते. लावल्यावर पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबून बघा, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कुठे लागत असेल तर कापा. गरम नळीला रबर चिकटलं तर वास आणि धूर दोन्ही मिळतील.

चार, चिखलाला कंटाळून पुढचं मडगार्ड पूर्ण काढू नका. बऱ्याच गाड्यांत मडगार्डची पट्टी शॉकअपच्या दोन्ही नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवते. ती गेली की हँडल ढिलं वाटू लागतं, आणि वळणावर ते कळणं उशिरा असतं.

आणि एक मर्यादा. हा फ्लॅप फक्त तुमच्याच पुढच्या चाकाने उडवलेला खडा अडवतो. पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकातून आलेल्या खड्याला तो काही करू शकत नाही. त्यासाठी रेडिएटरला जाळी, डोळ्यांपुढे हेल्मेटची काच, आणि ट्रकपासून अंतर.

साडी गार्डचा धडा

कायद्यात एक सुंदर उदाहरण आहे, फक्त ते मागच्या चाकाचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो की मोटरसायकलला मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारी सोय हवी. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. गाडीचा आराखडा इटलीचा असो की जपानचा, इथे मागे बसणारी बाई साडीत असते, पदर वाऱ्यावर असतो, हे नियम लिहिणाऱ्यांनी ओळखलं. इथल्या माणसाला बघून गाडी बदलली.

पुढच्या चाकाकडेही तसंच बघावं असं मला वाटतं. आपण कोडिंग करणारे लोक म्हणतो, प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर चालणार हे आधी विचारा. गाडी कुठल्या मातीवर चालणार हा तोच प्रश्न. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. या वाटा पक्क्या झाल्या तर फटीचा अर्धा प्रश्नच संपेल, आणि तो सुटावा अशी इच्छा दूधवाल्यापासून आशाताईपर्यंत सगळ्यांची आहे. तोवर जुलैत आणि जानेवारीत एकाच गाडीला दोन वेगळी मडगार्डं लागणार. ते काम कंपनीच्या कागदावर नाही, गावच्या गॅरेजात दोन बोल्ट आणि एका रबराच्या तुकड्यावर होतं.

आज गाडी काढाल तेव्हा एकदा वाकून बघा: तुमचं मडगार्ड किती वाजता संपतं? चार, साडेतीन की तीन? आणि टायरपासून किती बोटं वर आहे? दोन बोटं असेल तर महामार्गाची गाडी, चार बोटं असेल तर वावराची.

पुढच्या भागात साखळीच्या कव्हरबद्दल बोलू. ते का गेलं, आणि कुणाच्या पँटी खराब करून गेलं. तोवर हेल्मेट घाला, भेटू.